नवी भरती

अलिबागला आमच्या घरात भिंतीवरचं कॅलेंडर दोन कामांचं होतं. दुधाचे खाडे लिहायचे आणि तिथी बघायची. तिथी उपासासाठी नव्हे, आजीला तिचे उपास पाठ होते. तिथी समुद्रासाठी. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असली की चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पाणी भरलेलं, आणि सकाळी नऊच्या सुमाराला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. पाहुणे आले आणि कुलाबा किल्ल्यात चालत जायचं म्हणाले, की आम्ही पोरं आधी कॅलेंडरकडे धावायचो. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. उधाणाला पाणी खूप चढतं आणि तितकंच खोल उतरतं. भांगाला ते मधल्यामध्येच घोटाळत राहतं, धड येत नाही, धड जात नाही.

शाळेत पाऊणकीचा पाढा मला याच कारणाने आला. दुसरा कुठलाच आला नाही.

हे आठवायचं कारण एक स्वीडिश मालिका. 'स्प्रिंगफ्लूडेन' तिचं नाव. २०१६ साली तिथल्या सार्वजनिक वाहिनीवर आली. सिला आणि रॉल्फ बोर्यलिंड या नवराबायकोच्या २०१२च्या कादंबरीवर बेतलेली. मी ती पाहिली टाळेबंदीत, पुण्याच्या फ्लॅटमध्ये, रात्री जेवणानंतर एकेक भाग. पहिल्याच प्रसंगात एक बेट आहे, रात्र आहे, चंद्र आहे. किनाऱ्यावर काही माणसं एका गर्भार बाईला वाळूत गळ्यापर्यंत पुरतात आणि पाणी चढायची वाट बघतात. खडकांआडून एक लहान मुलगा हे पाहतो. बाकी कुणी नाही.

मी सोफ्यावरून म्हटलं, उधाण. कारण नावाचा अर्थच तो. इंग्रजीत ज्याला स्प्रिंग टाइड म्हणतात तेच हे, आणि त्यातल्या स्प्रिंगचा वसंत ऋतूशी काही संबंध नाही, उसळीशी आहे. स्वीडिशमध्ये 'फ्लूड' म्हणजे भरती, आणि नदीलाही तोच शब्द. मला गंमत वाटली, कारण आपल्याकडेही या शब्दात दोन अर्थ आहेत. भरती समुद्राला येते आणि भरती पोलिसांची निघते. आणि या मालिकेत दोन्ही आहेत.

पोलीस भरतीतली मुलगी म्हणजे ओलिविया रोनिंग. तेवीस-चोवीस वर्षांची, अजून पुरती पोलीसही नाही, प्रशिक्षण घेतेय. स्वीडनमध्ये पोलीस व्हायला चार सत्रं शिकावं लागतं आणि मग सहा महिने ठाण्यात उमेदवारी. उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता अभ्यास म्हणून तिचे शिक्षक जुन्या, न उलगडलेल्या खुनांची यादी देतात, त्यातला एक निवडा म्हणतात. ती बेटावरचा निवडते. कारण तिचे वडील पोलीस होते, ते आता नाहीत, आणि त्या तपासात ते होते. ज्या माणसाने तपास चालवला होता तो टॉम स्टिल्टन खात्यातून केव्हाच नाहीसा झालाय. कुणाला त्याचा पत्ता माहीत नाही. तो सापडतो स्टॉकहोमच्या रस्त्यावर, दाढी वाढलेला, बेघर, 'सिटुएशन स्टॉकहोम' नावाचं मासिक विकत. हे मासिक खरंखुरं आहे. १९९५पासून निघतं आणि बेघर माणसंच ते विकतात, विक्रीतला वाटा त्यांचा. ओलिवियाचं काम युलिया राग्नार्सनने केलंय, स्टिल्टनचं शेल बर्गक्विस्टने. बर्गक्विस्ट फार बोलत नाही. ओल्या कोटातला माणूस जसा कोट अंगापासून लांब धरून उभा राहतो तसा तो अख्खी मालिका स्वतःपासून लांब उभा आहे.

उत्तरेकडच्या या गुन्हेगारी मालिका मी बऱ्याच पाहिल्यात. राखाडी उजेड, लोकरीचा स्वेटर, कॉफीचा मग, आणि कामाच्या नादात स्वतःचं घर विस्कटून घेतलेली अनुभवी बाई. त्या बाया मला आवडतात, पण त्यांचं नवल वाटत नाही. त्यांना सगळं कळतं. ओलिवियाला काहीच कळत नाही, आणि मला तिच्यासाठी पुढचा भाग लावावासा वाटायचा. ती चुकीच्या माणसाकडे जाते, चुकीच्या वेळी जाते, जिथे दार आपटतात तिथे पुन्हा जाते. जुने पोलीस ज्या प्रश्नाचं उत्तर 'ते आम्ही तेव्हाच पाहिलं' असं देतात, तो प्रश्न ती पुन्हा विचारते. तिला वाटतं की पाहिलं असेल तर कुठे लिहिलेलं असेल.

माझी मामेबहीण बेबी महाराष्ट्र पोलिसात होती. होती म्हणजे आता निवृत्त झालीये, सहायक फौजदार म्हणून. भरती झाली तेव्हा महिलांसाठी तीस टक्के जागांचं आरक्षण नुकतंच आलं होतं, आणि मामाला कुणीतरी सांगितलं होतं की मुलीची उंची बसते. तेवढ्यावर ती भरती झाली. पाच फूट तीन इंच, आमच्या घराण्यात ताडच. रायगडातल्या एका ठाण्यात पहिली नेमणूक. पहिले कित्येक महिने तिने चहा सांगणे, बायकांच्या झडतीला उभं राहणे आणि हरवलेल्या पोरांना बिस्किटं देणे ही तीन कामं केली. मी नंतर कुठेतरी वाचलं की स्वीडनमध्ये १९०८ साली स्टॉकहोममध्ये पहिल्या बायका पोलीस खात्यात घेतल्या, त्यांना म्हणायचे पोलिससिस्टर, म्हणजे पोलीसभगिनी. काम काय, तर अटकेतल्या बायका आणि मुलं सांभाळायची. बेबीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, ‘मग मी पण सिस्टरच होते की. नुसता पगार पोलिसाचा.’

परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या दिवाळीत ती चार दिवस माझ्याकडे राहिली, तेव्हा मी तिला ही मालिका दाखवायला घेतली. खाली इंग्रजी अक्षरं धावतात, ती बेबीला त्या वेगाने वाचता येत नाहीत, आणि चष्मा लावायचा तिला कंटाळा. म्हणून मी मोठ्याने मराठीत वाचत होते. पहिल्या भागात ती फक्त दोनदा बोलली. एकदा, ‘हिला रोजची हजेरी नसते का?’ आणि दुसऱ्यांदा, ‘ही एवढी फिरते, डायरीत कोण नोंद करतं?’

मग ओलिविया आणि स्टिल्टन समोरासमोर आले. मी सवयीने वाचत गेले, साहेब, तुम्ही तेव्हा तपासावर होता ना, अशा थाटाचं काहीतरी. बेबीने रिमोट घेऊन चित्र थांबवलं.

‘ती टॉम म्हणाली. मला ऐकू आलं. तू साहेब कुठनं आणलास?’

मला उत्तर देता येईना. कारण स्वीडिशमध्ये तिने त्याला नुसतं नाव घेऊन 'दू' म्हटलं होतं, म्हणजे तू. तिथे सगळेच सगळ्यांना तू म्हणतात. पूर्वी तसं नव्हतं, पूर्वी हुद्दा, आडनाव आणि तिसऱ्या पुरुषातलं बोलणं असं सगळं होतं. १९६७ साली ब्रूर रेक्सेद नावाचे गृहस्थ तिथल्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी कर्मचाऱ्यांना सुरुवातीलाच जाहीर करून टाकलं की मी प्रत्येकाला तू म्हणणार. वारं आधीपासून त्या दिशेला होतंच, पण नाव रेक्सेदचं झालं. बघता बघता सगळा देश अरेतुरेवर आला. हे मी बेबीला सांगितलं.

‘म्हणजे त्या रस्त्यावरच्यालाही ती तू म्हणणार, आणि त्यांच्या एसपीलाही तूच?’

‘हो.’

‘बरंय.’ तिने चित्र पुन्हा सुरू केलं. पाचेक मिनिटांनी म्हणाली, ‘आमच्याकडं दोघांना तू म्हणणारी बाई दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला दिसेल. वरच्याला म्हटलं म्हणून. खालच्याला तर म्हणतातच.’

त्यानंतर मी वाचताना अडखळायला लागले. 'दू' आलं की मराठीत काय करायचं, याचा निर्णय दर वाक्याला घ्यावा लागतो. स्टिल्टन जुना मोठा अधिकारी, म्हणून तुम्ही. पण समोर दिसतोय तो पदपथावर झोपणारा, फाटक्या कोटाचा माणूस, आणि आपली मराठी अशा माणसाला तुम्ही म्हणत नाही. मी प्रत्येक वेळी तुम्ही म्हटलं की बेबी माझ्याकडे बघायची, तू म्हटलं तरी बघायची. मूळ भाषेत जो प्रश्न उद्भवतच नाही तो माझ्या हॉलमध्ये दिवाळीचा फराळ समोर ठेवून उभा होता. मालिकेत काही पोरं रात्री बेघर माणसांना शोधून मारतात, त्याचं चित्रण करून इंटरनेटवर टाकतात. ते भाग बेबीने चिवडा खाणं थांबवून पाहिले. एक बेघर म्हातारी अशाच माराने मरते. ओलिविया ज्या तपासामागे आहे तो पंचवीस वर्षं जुना, हा खून आजचा, आणि पोलीस खात्याची धावपळ कुठल्यासाठी जास्त होते हे मालिका ओरडून सांगत नाही. मला तिचा हाच भाग सर्वांत चांगला वाटतो.

‘आमच्याकडं बेवारस म्हटलं की निम्मं काम संपतं,’ बेबी म्हणाली. आणि तिथून विषय निघाला.

तिच्या नोकरीचं पहिलं वर्ष. गोकुळाष्टमीची सकाळ. किनाऱ्यावर प्रेत आलंय असा निरोप ठाण्यात आला. पुरुष, चाळिशीचा, अंगावर पॅन्ट आणि बनियन, ओळख पटण्याजोगं काही नाही. हवालदार पंचनाम्याला निघाले तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं म्हणून हिला घेतलं. प्रेत वाळूच्या वरच्या अंगाला होतं, उधाणाला जिथवर केरकचरा आणि तुटकी जाळी येऊन पडतात त्या रेघेच्याही जरा वर. हवालदारांनी सांगायला सुरुवात केली, पंच उभे राहिले, आणि लिहिणाऱ्याने लिहिलं की सदरचे प्रेत भरतीच्या पाण्याने किनाऱ्यास लागले असावे.

बेबी म्हणाली, ‘साहेब, आज अष्टमी. भांग आहे. पाणी इथवर येत नाही.’

हवालदारांनी तिच्याकडे न बघता विचारलं, ‘मग काय चालत आलं?’

लोक हसले. दुसऱ्या दिवशी दहीहंडीचा बंदोबस्त होता, सगळ्यांना घाई होती. फोटो काढले, आजूबाजूच्या ठाण्यांना बिनतारी संदेश गेला, कपडे मुद्देमालात गेले. कुणी आलं नाही.

‘म्हणजे ए समरी?’ मी विचारलं. गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, अशा प्रकरणात न्यायालयाकडे जो अहवाल जातो त्याला पोलीस ए समरी म्हणतात, एवढं मला तिच्यामुळेच माहीत.

‘छे. ए समरी व्हायला आधी गुन्हा दाखल व्हावा लागतो. ते अकस्मात मृत्यूत गेलं. तिथंच संपलं.’

ही गोष्ट मी आधीही एकदा ऐकली होती, आमच्या दोघींच्या तरुणपणी, आणि खरं सांगते, मी ती पुष्कळ ठिकाणी वापरली आहे. ऑफिसात, भिशीत, एकदा महिला दिनाच्या भाषणातही. नवी पोरगी जे पाहते ते मुरलेल्या माणसाला दिसत नाही, असा त्यातून अर्थ निघायचा. टाळ्या मिळायच्या. ओलिविया रोनिंग मला एवढी आपली वाटली त्याचं कारणही बेबीची टेप धरून उभी असलेली आकृती असणार.

मालिकेत सगळंच काही मला पटलेलं नाही. ओलिवियाला हा खून योगायोगाने मिळतो असं आधी दाखवतात, मग तो वडिलांमुळे मिळतो असं कळतं, आणि शेवटाकडे जे कळतं ते मी इथे फोडत नाही, पण त्यामुळे ती बाहेरची राहतच नाही. नवख्या मुलीच्या चिकाटीची गोष्ट होती, ती रक्ताच्या नात्याची होऊन बसते. मला हा कादंबरीकारांचा कच्चेपणा वाटला. आणि खलनायक केवढा थोरला! मोठ्या खाण कंपनीचा मालक, काँगोतलं कोल्टन, ज्यातून मोबाइलला लागणारं टँटलम निघतं. कोल्टनची भानगड खोटी नाही, पण एका बेटावरच्या एका बाईच्या मरणाला सगळ्या जगाची कारणं जोडली की ती बाई बारीक होत जाते. स्वीडिश गुन्हेकथांना ही खोड जुनी आहे. माय शोवाल आणि पेर वालो या जोडीने १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत मार्टिन बेकच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या त्या मुळी स्वीडिश समाजाची झाडाझडती घ्यायलाच. बोर्यलिंड दांपत्याने पुढे त्याच बेकवरच्या कितीतरी चित्रपटांच्या पटकथा लिहिल्या, तेव्हा हात तिथेच बसलेला.

एक मात्र त्यांच्याकडचं मला फार आवडलं, आणि ते मालिकेतलं नाही, कायद्यातलं आहे. स्वीडनमध्ये पूर्वी खुनालाही मुदत होती. पंचवीस वर्षं उलटली की खटला भरता येत नसे. १ जुलै २०१०पासून ती मुदत काढून टाकली, १ जुलै १९८५नंतर झालेल्या खुनांसाठी. त्यांचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना फेब्रुवारी १९८६मध्ये भर रस्त्यात गोळी घातली होती आणि तो तपास तेव्हा पंचविसाव्या वर्षात होता, हे लक्षात घेतलं की तारखांचा हिशोब कळतो. कादंबरीतला खून १९८७चा. म्हणजे ओलिविया जी धूळ झटकते तिला कायद्याने नुकतंच जीवदान मिळालेलं. आपल्याकडे खुनाला मुदत कधीच नव्हती. फाइल उघडता येते. उघडायला कुणी लागतं, इतकंच.

माझी मुलगी गोथेनबर्गला असते, नोकरीसाठी, नवराही तिथेच. गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे दोन महिने होते. मी हट्ट धरला की मला मालिकेतलं ते बेट बघायचंय. मुलगी म्हणाली, ‘आई, तू खुनाची जागा बघायला जाणार?’ मी म्हटलं, ‘समुद्र बघायला जाणार.’ आणि दिवस निवडला पौर्णिमेचा, तोही श्रावणातला. नारळी पौर्णिमेला अलिबागच्या बाईने समुद्रापासून लांब बसायचं नसतं.

गोथेनबर्गहून आगगाडीने स्ट्रोमस्टाडला सुमारे तीन तास. तिथून बोट. कोस्टर ही दोन बेटं आहेत, उत्तरेचं नॉर्डकोस्टर आणि दक्षिणेचं सिडकोस्टर, नॉर्वेच्या हद्दीला लागून. भोवतालचा समुद्र २००९पासून राष्ट्रीय उद्यान आहे, स्वीडनचं समुद्रातलं पहिलं. बेटावर गाड्या नाहीत म्हटलं तरी चालेल. लोक सायकली वापरतात, नाहीतर पुढे सामानाचा हौदा असलेल्या तीनचाकी मोपेड. टेकडीवर जुनी दोन जुळी दीपगृहं आहेत, केव्हाच विझवलेली. खडक गुळगुळीत, हत्तीच्या पाठीसारखे. वाळू थोडी, खडकांच्या कुशीत. बंदराशी ताज्या कोळंबीचे पाव मिळतात आणि ते इतके महाग असतात की मी किंमत रुपयांत करायची सोडून दिली.

मी पिशवीतून नारळ आणला होता. जावयाने तो पाहिला आणि राष्ट्रीय उद्यानात नारळ टाकला तर दंड किती, हे फोनवर शोधायला घेतलं. मी नारळ परत पिशवीत ठेवला.

अकरा वाजले होते. पौर्णिमा, म्हणजे पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पाणी भरत आलेलं असणार, आता उतरेल. मी पाण्याच्या कडेला पांढरे दगड ओळीने मांडले, जावयाला समजावून सांगितलं की बघ, संध्याकाळी हे कुठे राहतील आणि पाणी कुठे जाईल. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाण्यात चार मीटरच्या आसपास फरक पडतो. महापालिका पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आधीच छापून देते, त्या दिवशी पाऊस आला तर लोकांनी कुठे अडकायचं हे ठरवता यावं म्हणून. हे सगळं मी सांगितलं. जावई उत्तम श्रोता आहे.

दुपारी चारला परत येऊन पाहिलं तर दगड पाण्याखाली होते. पाणी उतरलं नव्हतं, चढलं होतं. आणि चढलं होतं ते किती, तर वीतभर.

जवळच एक म्हातारे गृहस्थ लाकडी होडी उलटी टाकून तिला रंग देत होते. मुलीने त्यांना विचारलं, अर्थात तू म्हणूनच. ते बराच वेळ सांगत होते आणि मुलगी तुकड्या-तुकड्याने मराठीत करत होती. इथे भरतीची वेळ वेगळी, कारण महासागरातली लाट सगळा उत्तर समुद्र फिरून इथवर पोचते. पोचेपर्यंत तिच्यात जोर उरत नाही. उधाणालाही फरक जेमतेम फूटभर. पलीकडे बाल्टिकमध्ये, स्टॉकहोमच्या बाजूला, तर भरती-ओहोटी असून नसल्यासारखी. इथलं पाणी चंद्रापेक्षा वारा हलवतो. हवेचा दाब उतरला आणि पश्चिमेचा वारा सुटला की धक्क्यावर पाणी येतं, मग तिथी कुठलीही असो. त्यांना तिथी म्हणायचं नव्हतं, ते मुलीने घातलं.

मी हसले. चांगलीच हसले. फूटभर भरतीच्या गावात माणूस बुडवून मारण्याची गोष्ट रचायची, आणि नाव ठेवायचं उधाण! स्टॉकहोमच्या लोकांना समुद्रातलं काय कळतंय, असं मी मोठ्याने म्हटलंही. बेबीला सांगायला काय मसाला मिळाला, असं मनात आलं. मग दगड उचलायला म्हणून पाण्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले. हाताची वीत सहज पाण्यात उभी धरली, खरंच किती चढलंय ते बघायला. आणि तीच वीत, का कोण जाणे, स्वतःच्या तोंडाला लावून पाहिली. हनुवटीपासून कपाळापर्यंत वीतभर. हनुवटीपासून नाकापर्यंत चार बोटं.

ती बाई गळ्यापर्यंत पुरलेली होती.

म्हणजे चार मीटर कशाला हवेत? फूटभर खूप झालं. उलट जिथे पाणी एवढंसंच चढतं तिथेच उधाणाची रात्र निवडावी लागेल, एकेक बोट मोजून. कादंबरी लिहिणाऱ्यांनी मोजलं असेल किंवा नसेल. मी मोजलं नव्हतं, हे खरं. साठीला आलेली बाई, जन्म समुद्राकाठचा, आणि पाऊणकीच्या जोरावर दोन माणसांसमोर दिवसभर भाषण दिलेलं.

परतीच्या बोटीत वारा होता. मुलगी आणि जावई खाली आत बसले, मी वर थांबले. रंगवाल्या म्हाताऱ्याचं एक वाक्य डोक्यातून जाईना. वारा सुटला की पाणी येतं, तिथी कुठलीही असो. आमच्याकडे काय वारा नसतो? श्रावणात, पावसाळा अजून अंगात असताना, पश्चिमेचा? भांग असला तरी वाऱ्याने पाणी रेटत आणलं आणि वर लाटा असल्या तर ते कुठवर जाईल, हे मी कधी पाहिलंय का? गोकुळाष्टमीला आम्ही तर गल्लीत असायचो.

स्ट्रोमस्टाडला उतरल्यावर मी बेबीला फोन लावला. तिच्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. तिने झोपेतून उचलला.

‘काय गं, बरी आहेस ना?’

‘बरी आहे. एक विचारायचं होतं. ते गोकुळाष्टमीचं प्रेत. आदल्या रात्री वारा होता का?’

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मला वाटलं फोन कट झाला.

‘होता,’ बेबी म्हणाली. ‘चांगला होता. आमच्या क्वार्टरचं पत्र्याचं दार रात्रभर आपटत होतं.’

‘मग तू हवालदारांना...’

‘नाही सांगितलं. भांग सांगितला. वारा नाही सांगितला.’ ती खोकली. ‘एवढ्या वर्षांत तू पहिली विचारतेस. त्यांनी विचारला असता ना, तर मी सांगितला असता. ते हसले.’

मी धक्क्यावर उभी होते. मुलगी लांबून खुणा करत होती, गाडीची वेळ झाली होती.

‘तिकडं काय, थंडी आहे का?’ बेबीने विचारलं.

‘आहे थोडी,’ मी म्हटलं. ‘नारळ आणला होता. तसाच राहिला पिशवीत.’

‘फोड आणि खा. पौर्णिमा आहे.’